मांजराला गोळी गेली, आता विचारायचं कुणाला?

पॅरासिटामॉलची ५०० मिलिग्रॅमची एक गोळी चार किलोच्या मांजराचा जीव घेऊ शकते. मी रोज विकते त्या एकाही पाकिटावर हे छापलेलं नाही. साताऱ्यात माझं औषधाचं दुकान आहे. ताप, अंगदुखी, डोकेदुखी, काहीही असो, सगळ्यात जास्त खपतं ते हेच औषध. गेल्या काही वर्षांत गिऱ्हाइकांच्या घरात कुत्री-मांजरं वाढली, आणि ‘आमच्या कुत्र्यासाठी काहीतरी द्या की’ ही मागणी काउंटरवर नेहमीची झाली. ती मागणी ऐकता ऐकता माझं एक मत पक्कं होत गेलं. पाळीव जनावराला औषध जास्त होऊन जीव जातो, तेव्हा आपण मालकाच्या निष्काळजीपणाला दोष देऊन मोकळे होतो. खरं नुकसान होतं ते पुढच्या एक-दोन तासांत, कारण त्या वेळात खात्रीचं विचारावं असं कुणी नसतं. तसं विचारायची सोय सातारा-सांगलीत उभी करता येईल. त्यासाठी लागणारं जवळपास सगळं याच दोन जिल्ह्यांत आहे, फक्त एकमेकांना जोडलेलं नाही.

चूक होते कुठे, ते आधी बघू. बऱ्याचदा ती थर्मामीटरपाशीच होते. निरोगी कुत्र्या-मांजराच्या अंगाचं तापमान साधारण १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं. आपल्याला १०१ म्हणजे ताप. मांजर दोन दिवस खात नाही, कान गरम लागतात, घरातलं थर्मामीटर १०१.५ दाखवतं, आणि घरातलं सगळ्यात शहाणं माणूस म्हणतं, ताप आलाय, गोळी देऊया. म्हणजे ज्या तापासाठी गोळी द्यायची तो ताप नसतोच. माणसाचं यकृत पॅरासिटामॉल ज्या मार्गाने निकामी करून बाहेर टाकतं, तो मार्ग मांजराच्या यकृतात जवळपास बंद असतो. त्यासाठी लागणारं विकर (एन्झाइम) त्याच्याकडे पुरेसं नसतं. मग औषधाचा विषारी अंश रक्तातल्या हिमोग्लोबिनवर जातो आणि रक्ताला प्राणवायू वाहता येत नाही. काही तासांत गुलाबी हिरड्या तपकिरी, चॉकलेटी दिसू लागतात. तोंड आणि पंजे सुजतात, श्वास धापा टाकल्यासारखा होतो. किलोमागे ५० मिलिग्रॅमला ही विषबाधा होतेच असं धरलं जातं, आणि १० मिलिग्रॅमलाही झाल्याची उदाहरणं आहेत. चार किलोच्या मांजराला अख्खी गोळी म्हणजे किलोमागे १२५. अर्धी म्हणजे साडेबासष्ट. ‘लहान आहे म्हणून अर्धीच दिली’ या वाक्यात काही तथ्य उरत नाही.

मध्यंतरी एक आजी लहान मुलांचं तापाचं सिरप मागायला आल्या होत्या. कोरेगावकडच्या असाव्यात, एसटीच्या गडबडीत होत्या. माझ्या सवयीप्रमाणे मी विचारलं, बाळाचं वजन किती? म्हणाल्या, असंल तीन किलो. तीन किलोच्या बाळाला मी विचारपूस केल्याशिवाय कुठलंच औषध देत नाही, म्हणून विचारलं, किती दिवसांचं आहे, डॉक्टरांना दाखवलंत का. त्यावर त्या म्हणाल्या, ‘अवो ताई, बाळ न्हाय, मांजरी हाय. नातवानं आणलीया. कालधरनं गप पडलीया.’ मी सिरप परत कपाटात ठेवलं आणि त्यांना हिशेब सांगितला. त्या बाटलीच्या पाच मिलीत २५० मिलिग्रॅम पॅरासिटामॉल. एक छोटा चमचा पाजला तरी तीन किलोच्या मांजरीला किलोमागे ८३ मिलिग्रॅम. आजींचा चेहरा उतरला. नातवाला आलेल्या तापात त्यांनी हेच औषध दहा वेळा दिलेलं होतं, आणि ते कधी कुणाला बाधलं नव्हतं. मायेने केलेल्या गोष्टीत विष असेल, हा विचार त्यांच्या मनाला शिवलाही नव्हता. शिवावा तरी कसा? बाटलीवर तसं काही लिहिलेलंच नाही.

आमच्या धंद्याचा कायदा या बाबतीत एकतर्फी आहे. औषध नियम १९४५ प्रमाणे जनावरांच्या औषधाच्या पाकिटावर ‘माणसांसाठी नाही, फक्त जनावरांच्या उपचारासाठी’ असं ठळक छापावं लागतं आणि सोबत पाळीव जनावराच्या डोक्याचं चिन्हही असावं लागतं. दुकानात ही औषधं वेगळ्या कपाटात किंवा खणात ठेवायची, असाही नियम आहे. माणसाच्या हाती चुकून गाईचं औषध पडू नये म्हणून केलेली ही व्यवस्था योग्यच आहे. उलट दिशेने मात्र अशी काळजी नाही. एक अपवाद सोडून, आणि तो अपवादच माझ्या म्हणण्याला बळ देतो.

तो अपवाद डायक्लोफिनॅकचा. गाईगुरांना दुखण्यावर हे औषध सर्रास दिलं जायचं. अशा मेलेल्या जनावराचं मांस खाऊन गिधाडांची मूत्रपिंडं निकामी होतात हे २००४ मध्ये संशोधनातून पुढे आलं, तोवर पांढऱ्या पाठीची गिधाडं देशातून जवळजवळ संपली होती. २००६ मध्ये जनावरांसाठीच्या डायक्लोफिनॅकवर बंदी आली. मग लोक माणसांच्या इंजेक्शनच्या मोठ्या बाटल्या जनावरांना वापरू लागले, तेव्हा माणसांच्या पाकिटावर ‘जनावरांसाठी वापरू नये’ असं छापायला सांगितलं गेलं, आणि २०१५ मध्ये माणसांच्या इंजेक्शनची बाटली एका डोसाची, तीन मिलीची केली गेली. २०२३ मध्ये किटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफिनॅकही जनावरांसाठी बंद झालं. म्हणजे माणसाच्या औषधावर जनावरासाठी इशारा छापता येतो, बाटलीचा आकार बदलता येतो, हे या देशाने करून दाखवलेलं आहे. मग पॅरासिटामॉलवर आणि आयबुप्रोफेनवर एक ओळ छापायला काय हरकत आहे? ‘मांजराला देऊ नये, जिवाला धोका’, एवढीच, मराठीत आणि डोळ्यांना दिसेल अशा अक्षरात. सरसकट ‘जनावरांना देऊ नये’ लिहून चालणार नाही, कारण गाई-म्हशींसाठी पशुवैद्यक पॅरासिटामॉल वापरतात आणि कुत्र्यांच्या उपचारात माणसांची कितीतरी औषधं लागतात. बंदी माझ्या डोक्यात नाही. देणाऱ्याला कळावं, एवढंच आहे.

आयबुप्रोफेनचं नाव मी मुद्दाम घेतलं. आपल्याकडे ४०० मिलिग्रॅम आयबुप्रोफेन आणि ३२५ मिलिग्रॅम पॅरासिटामॉल एकत्र असलेली गोळी घरोघरी असते. पाय मुरगळला, दाढ दुखली, घ्या एक. पाच किलोच्या पॉमेरेनियनला ती एक गोळी दिली तर किलोमागे ८० मिलिग्रॅम आयबुप्रोफेन गेलं. कुत्र्याच्या पोटात जखमा व्हायला किलोमागे २५ च्या आसपास पुरे होतात. दोन दिवसांनी काळी शी, रक्ताची उलटी. लंगडणाऱ्या कुत्र्याचा पाय बरा करायला गेलेला माणूस त्याच्या आतड्याला भोक पाडून बसतो.

पण आमच्या भागातली सगळ्यात धोक्याची सवय वेगळीच आहे, आणि ती शहरातल्या लेखांत सहसा येत नाही. ती गोठ्यातून येते. गोचीड झाले की गाई-म्हशींना आयव्हरमेक्टिन टोचतात. इंजेक्शनची बाटली एक टक्क्याची, म्हणजे एका मिलीत १० मिलिग्रॅम. गुरांचा डोस ५० किलोला एक मिली. चारशे किलोच्या म्हशीला आठ मिली. आता शेतकरी नजरेने हिशेब करतो : म्हशीला आठ, तर कुत्र्याच्या पिल्लाला एक पुरे. ऐकायला किती बेताचं वाटतं! दोन किलोच्या पिल्लाला त्याच मापाने ०.०४ मिली लागलं असतं. इन्शुलिनच्या सिरिंजवर दीड-दोन रेघा. एक मिली म्हणजे किलोमागे पंचवीसपट. पिल्लाच्या मेंदूभोवतीचा संरक्षक पडदा अजून पुरता तयार नसतो. संध्याकाळपर्यंत ते झिंगल्यासारखं चालायला लागतं, बाहुल्या मोठ्या होतात, दिसेनासं होतं, लाळ गळते, अंग थरथरतं, मग शुद्ध जाते. कॉली, शेटलंड शीपडॉग, ऑस्ट्रेलियन शेफर्ड या जातींत आणि काही जर्मन शेफर्डमध्ये एक जनुकीय दोष असतो. त्यांना तर इतर मोठी कुत्री सहज पचवतात तेवढा डोसही मेंदूपर्यंत पोचतो. आणि जर्मन शेफर्ड आमच्याकडे द्राक्षबागेच्या राखणीपासून बंगल्यापर्यंत सगळीकडे आहे. याला नेमका उतारा नाही. सलाईन, ऊब, श्वासाची काळजी, शिरेतून चरबीचं द्रावण, आणि दिवसचे दिवस धीर धरणं. नीट सांभाळलं तर त्यातली बरीच जगतात. पण ‘गेलंच आता’ म्हणून पोत्यावर टाकून दिली तर कशी जगतील?

गाईसाठीची आणखी एक बाटली मांजराच्या घरात नसावी. मेलॉक्सिकॅम हे वेदनाशामक आणि पॅरासिटामॉल एकत्र असलेलं इंजेक्शन. गुरांच्या तापावर ते चांगलं काम करतं. मांजराला ते टोचलं तर काय होईल, हे वर सांगितलंच. गोठ्यातली गोचिडांची फवारणी कुत्र्यावर अंदाजाने आणि मांजरावर तर अजिबात वापरू नये, हेही जाता जाता सांगते. त्यातली कितीतरी द्रव्यं मांजराला झटके आणतात.

दुसरा प्रकार असतो तिथे कुणी औषध दिलेलंच नसतं. कुत्रं डबी फोडतं. आपल्या घरांत आता मधुमेहाच्या, रक्तदाबाच्या गोळ्या असतात, क्षयाचा कोर्स असतो, आणि जवळपास प्रत्येक घरात व्हिटॅमिन डीचं ६०,००० युनिटचं आठवड्याचं पाकीट असतं. हे शेवटचं लोकांना औषध वाटतच नाही, टॉनिक वाटतं. ६०,००० युनिट म्हणजे दीड मिलिग्रॅम. पाच किलोच्या कुत्र्याने एक पाकीट चाटलं तर किलोमागे ०.३ मिलिग्रॅम. त्रास ०.१ पासून दिसू शकतो, आणि ०.५ च्या पुढे मूत्रपिंडावर बेततं. दोन पाकिटं खाल्ली की ती रेषा ओलांडली. लगेच काही दिसत नाही, हीच या औषधाची दगलबाजी. कुत्रं पहिल्या दिवशी शेपूट हलवत असतं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पाण्यावर तुटून पडतं, उलट्या करतं, तोवर रक्तातलं कॅल्शियम वर चढलेलं असतं. मधुमेहाच्या ग्लिमेपिराइडसारख्या गोळीने साखर इतकी उतरते की कुत्रं लटपटून कोसळतं.

क्षयाच्या गोळ्यांचं तर फारच थोड्यांना माहीत आहे. सरकारी कोर्सच्या चार औषधांच्या एका गोळीत आयसोनियाझिड ७५ मिलिग्रॅम असतं. कुत्र्याच्या शरीराला हे औषध निकामी करण्याची माणसासारखी सोयच नाही. पाच किलोच्या कुत्र्याने चार गोळ्या खाल्ल्या तर किलोमागे ६० मिलिग्रॅम, आणि एवढ्यावर झटके येऊन जीव जाऊ शकतो. उतारा आहे, आणि तो स्वस्त आहे. पायरिडॉक्सिन, म्हणजे बी-६ जीवनसत्त्व, शिरेतून. क्षयाच्या रुग्णालाही ते गोळीच्या रूपात बरोबर दिलं जातं. म्हणजे विष आणि त्याचा उतारा दोन्ही एकाच घरात येतात, आणि तरीही कुत्रं मरतं, कारण झटके बघून लोकांना पिसाळलंय की काय अशी भीती वाटते आणि काठी हातात येते. चुरगळलेल्या पट्टीकडे कुणाचं लक्षच जात नाही.

इथवर ठीक आहे. अपघात होणार. प्रश्न आहे पुढे काय करायचं, आणि इथे गावोगावी चाललेले उपाय मला अंगावर काटा आणतात. मिठाचं पाणी पाजणं हा त्यातला सगळ्यात वाईट. उलटी होईल म्हणून मूठभर मीठ घशात ओततात. उलटी झाली नाही तर रक्तातलं सोडियम भडकतं आणि गोळीने न मेलेलं कुत्रं मिठाने झटके येऊन मरतं. दूध, तूप, ताक यांनी औषधाचा असर उतरत नाही. चुलीतल्या कोळशाची भुकटी आणि दवाखान्यात विष शोषायला देतात तो सक्रिय कोळसा या दोन वेगळ्या वस्तू आहेत. गुंगीत असलेल्या जनावराच्या तोंडात काहीही ओतलं की ते फुप्फुसात जातं. हायड्रोजन पेरॉक्साइड पाजून उलटी करवा, असं मोबाइलवर सापडतं. तिथे ते तीन टक्क्यांचं गृहीत असतं, तेही फक्त कुत्र्यासाठी आणि डॉक्टर सांगेल तेव्हाच. आपल्या दुकानांत मिळतं ते बहुधा सहा टक्क्यांचं. दुप्पट जहाल. मांजराला तर ते कधीच द्यायचं नसतं.

करण्यासारखं असतं ते साधं असतं, पण लगेच करावं लागतं. तोंडात राहिलेलं काढा, इतर जनावरं बाजूला करा. पट्टी, बाटली, पाकीट जपून ठेवा, कारण नुसतं ‘डोकेदुखीची गोळी’ म्हणून डॉक्टरांना काही करता येत नाही, त्यांना मिलिग्रॅम हवेत. पट्टीतल्या किती गोळ्या शिल्लक आहेत ते मोजा. घड्याळ बघा. कुत्र्याला उचलून वजनकाट्यावर उभे राहा, मग एकटे उभे राहा, वजा करा. काटा नसेल तर किराणा दुकानात, पिठाच्या गिरणीत आहे. मग फोन. उलटी करवायची असेल तर ती साधारण पहिल्या एक-दोन तासांतच उपयोगी, आणि करवायची की नाही हे औषधावर ठरतं. जनावर धडधाकट दिसतंय म्हणून सकाळपर्यंत थांबू नका. आणि डॉक्टरांशी खोटं बोलू नका. हे मी कळकळीने सांगते, कारण ‘काही दिलं नाही हो, आपोआपच असं झालं’ हे उत्तर मी दवाखान्यांतल्या माणसांकडून इतक्यांदा ऐकलंय. देणारा बहुधा घरातला वडीलधारा असतो, त्याच्यासमोर सून किंवा मुलगा बोलत नाही. तेवढ्या भिडेपायी उपचार भलतीकडे जातात.

आता फोन करायचा, पण कुणाला? इथे येऊन गाडी अडते. शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालय आहे, साताऱ्याहून तासाभराच्या वाटेवर. पण जतहून शिरवळ गाठायचं म्हणजे अर्धा दिवस मोडतो. तालुक्याचा सरकारी दवाखाना प्रामुख्याने गाई-म्हशी, शेळ्या-मेंढ्यांसाठी. तिथल्या डॉक्टरांचं कौशल्य मी कमी लेखत नाही. मध्यरात्री अडलेली गाय सोडवणाऱ्या माणसाला काय बोलणार? पण मांजराच्या पॅरासिटामॉलचा प्रसंग त्यांच्यासमोर क्वचितच येतो, आणि क्वचित येणाऱ्या गोष्टीसाठी जवळ विचारायला तज्ज्ञ लागतो. माणसांच्या डॉक्टरांना ती सोय आहे. दिल्लीच्या एम्समध्ये १९९५ पासून राष्ट्रीय विष माहिती केंद्र चालतं. चोवीस तास, फोनवर, डॉक्टरांनाही आणि घरच्यांनाही. अमेरिकेत जनावरांसाठी असं केंद्र १९७८ मध्ये इलिनॉय विद्यापीठात, म्हणजे एका पशुवैद्यक महाविद्यालयातच सुरू झालं. ब्रिटनमध्ये १९९२ पासून पशुवैद्यकांसाठी असा फोन आहे. हे दोन्ही देश कुत्र्यांचे फार लाड करतात म्हणून हसण्यावारी नेऊ नका. तिथे विद्यापीठातल्या विषशास्त्राच्या ज्ञानाला फोनची जोड दिली, एवढंच घडलं.

शिरवळच्या महाविद्यालयात औषधशास्त्र आणि विषशास्त्र शिकवलं जातं, कारण त्याशिवाय पशुवैद्यकाची पदवीच होत नाही. पदव्युत्तर विद्यार्थी आहेत, रुग्णालय आहे. राज्यात १९६२ हा जनावरांच्या फिरत्या दवाखान्यांसाठीचा टोल फ्री क्रमांक आधीच चालू आहे आणि शेतकऱ्यांना तो पाठ आहे. माझी मागणी एवढीच : या क्रमांकावर विषबाधेचा फोन आला की तो शिरवळच्या एका टेबलाकडे वळावा. तिथे पाळीपाळीने एक पशुवैद्यक असावा, समोर औषधांचे डोस-कोष्टक असावं, आणि त्याने तिघांशी बोलावं. घरच्यांशी, जवळच्या डॉक्टरांशी आणि उतारा जिथे मिळेल त्या औषध दुकानाशी.

हा तिसरा फोन सहसा कुणाच्या डोक्यात येत नाही, पण मला, औषधवालीला, तोच महत्त्वाचा वाटतो. पॅरासिटामॉलचा उतारा ॲसिटिलसिस्टीन. गोळी खाऊन आत्महत्येचा प्रयत्न केलेल्या माणसाला हेच इंजेक्शन देतात. मिरज ही दवाखान्यांची नगरी. शंभरेक वर्षांपासून लांबलांबून, कर्नाटकातूनही, लोक तिथे उपचाराला येतात. तिथल्या मोठ्या रुग्णालयांच्या औषध दुकानांत रात्री बारा वाजताही ते मिळू शकतं. तिथून जवळच सांगलीत एखादं मांजर श्वासासाठी तडफडत असतं आणि त्याच्या डॉक्टरांकडे ते नसतं, कारण जनावरांच्या औषधांच्या दुकानात ते येतच नाही. पायरिडॉक्सिनचं इंजेक्शन, शिरेतून द्यायचं चरबीचं द्रावण, यांचीही तीच गत. कायद्याची आडकाठी नाही. नोंदणीकृत पशुवैद्यकाच्या चिठ्ठीवर आम्हाला औषध देता येतं. नियम एवढाच म्हणतो की अशा चिठ्ठीवर जनावराच्या मालकाचं नाव-पत्ता असावा आणि डोस लिहिलेला असावा. म्हणजे औषध आहे, कायदा आहे, डॉक्टर आहे, नाही ती फक्त यादी : कोणतं औषध रात्री कुठे मिळेल. सातारा, कराड, सांगली, मिरज या चार ठिकाणच्या औषध विक्रेत्यांच्या संघटनांनी मनावर घेतलं तर ही यादी पंधरा दिवसांत होईल. यासाठी मंत्रालयात जायची गरज नाही.

यावर पहिला आक्षेप मला ठाऊक आहे, आणि तो मी हलक्याने घेत नाही. माण-खटाव-जत भागात चारा छावण्यांत जनावरं जगवावी लागली आहेत. म्हशीला वेळेवर डॉक्टर मिळत नाही आणि तुम्ही बंगल्यातल्या मांजरासाठी फोन मागता? माझं उत्तर असं, की हा फोन मांजरापेक्षा म्हशीसाठी जास्त वाजेल. पावसाने ताण दिला की कोवळ्या ज्वारीची किराळ लागून गुरं तडकाफडकी मरतात. तीही विषबाधाच, आणि तिचाही उतारा वेळेत शिरेतून गेला तर जनावर उठतं. युरिया खाल्लेली गाय, द्राक्षबागेच्या फवारणीचं पाणी प्यायलेली शेळी, जंताचं औषध दुप्पट पाजलेली करडं, मेंढपाळाचं कुत्रं, जतकडचं करवानी जातीचं कुत्रं, सगळ्यांचा प्रश्न एकच असतो. काय गेलं, किती गेलं, वजन किती, वेळ किती झाला? या चार प्रश्नांची उत्तरं घेऊन पुढचं सांगणारा माणूस एकदा बसवला की त्याला म्हैस आणि मांजर वेगळी पडत नाहीत. शिवाय तो माणूस इथला असला तर इथलं ओळखेल. तासगावच्या बेदाण्याचं घ्या. बेदाणा आपल्याकडे पोत्याने असतो, आणि मूठभर बेदाण्याने काही कुत्र्यांची मूत्रपिंडं बंद पडतात. सांगलीच्या माणसाला हे सांगायला सांगलीची हवा माहीत असलेलं कुणीतरी लागतं.

दुसरा आक्षेप पशुवैद्यकांकडून येतो : फोनवर सल्ला द्यायचा, जनावर दगावलं तर जबाबदारी कुणाची? रास्त आहे. म्हणूनच हे काम एखाद्या डॉक्टरने आपल्या मोबाइलवर करायचं नाही. संस्थेने करायचं, ठरलेल्या पद्धतीने, फोनची नोंद ठेवून. उपचार जवळच्या डॉक्टरांनीच करायचे, केंद्राने त्यांना कोष्टक आणि डोस द्यायचा. नोंदी साठल्या की आणखी एक गोष्ट होईल. कोणत्या औषधाने आपल्या भागात जास्त जनावरं जातात हे आकड्यांत दिसेल, आणि पाकिटावर कोणती ओळ छापायची याचा वाद माझ्यासारखीच्या काउंटरवरच्या अनुभवावर सोडावा लागणार नाही. बैल गेला अन् झोपा केला, असं गिधाडांच्या बाबतीत आपण केलंय. औषधाचा दोष कळेपर्यंत पक्षी संपले होते.

राहिला आम्हा औषधवाल्यांचा भाग, आणि तो कुणाच्या परवानगीवर अडलेला नाही. काउंटरवर एक प्रश्न वाढवायचा : औषध माणसासाठी आहे का? जनावरासाठी असेल तर पशुवैद्यकाची चिठ्ठी मागायची. ती कायद्यानेही मागायलाच हवी अशी औषधं त्यात बहुसंख्य आहेत. जनावरांचं इंजेक्शन विकताना सिरिंज कुठली देतोय ते बघायचं. कुत्र्यासाठी नेणाऱ्याच्या हाती पाच मिलीची सिरिंज ठेवणं म्हणजे चुकीला आमंत्रण. पशुवैद्यकांनीही चिठ्ठीवर ‘थोडंसं’, ‘पाव’ असं न लिहिता जनावराचं वजन, मिलिग्रॅम आणि मिली तिन्ही लिहावेत. चिठ्ठीवर वजन दिसलं की दशांश चिन्ह चुकलेलं आम्हाला पकडता येतं. माणसांच्या चिठ्ठ्यांत अशा चुका आम्ही रोज पकडतो, फोन करून डॉक्टरांना विचारतो, आणि कुणी त्यात अपमान मानत नाही.

माझ्या दुकानात पॅरासिटामॉलच्या खणावर मी ‘मांजराला देऊ नये’ अशी चिठ्ठी चिकटवली आहे. ती वाचून लोक थांबतात, विचारतात, काही जण घरच्यांना तिथूनच फोन लावतात. साताऱ्यातल्या आणि सांगलीतल्या बाकीच्या दुकानदारांनी ती उतरवून घ्यावी. छापील हवी असेल तर मी देईन. आणि १९६२ वर आलेला विषबाधेचा फोन शिरवळकडे वळवण्याची मागणी दोन्ही जिल्ह्यांच्या पशुसंवर्धन उपायुक्तांकडे लेखी करायची आहे. त्यावर पशुवैद्यक, औषध विक्रेते आणि जनावरं पाळणारे अशा तिन्ही बाजूंच्या सह्या हव्या आहेत.